पगारवाढीचे पेढे

आमचं पिवळं रेशनकार्ड गेलं, ते मी पेढे वाटत होतो त्या दिवशी. वडप्याच्या एका गोदामात मी हमाल. दहा वर्षांत पहिल्यांदा पगार वाढला होता, महिन्याला शंभर रुपये. माझी बायको काशी म्हणाली, पहिला पेढा वज्रेश्वरीला, दुसरा रेशनवाल्याला. "ज्याचा तांदूळ पोटात हाय, त्याचं तोंड गोड नको करायला?"

दुकानात नेमके कार्डं तपासणारे साहेब बसले होते. त्यांनी दोन पेढे खाल्ले, अभिनंदन केलं आणि पगार किती वाढला ते वहीत लिहून घेतलं.

सरकारच्या हिशेबात वर्षाला पंधरा हजारांपर्यंत माणूस गरीब असतो. काशी घरी बसून यंत्रमागाच्या कांड्या भरायची. तिचे पैसे आणि माझा पगार मिळून आम्ही सहाशे रुपयांनी वर गेलो. कार्ड केशरी झालं. तांदूळ महागला, ते चाललं असतं. पण काशीच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि ते ऑपरेशन फक्त पिवळ्या कार्डावर फुकट होतं.

मी गोदामाच्या मालकांकडे, धनेशशेठकडे गेलो. वाढ परत घ्या म्हणालो. शेठ हळहळले. वाढ कायद्याने दिलेली आहे, ती काढली तर मजुरावर अन्याय होईल, आणि अन्याय त्यांना बघवत नाही. जाताना त्यांनी माझी सही घेतली, की मी वाढीबद्दल समाधानी आहे.

कार्ड परत पिवळं करायचा अर्ज घेऊन मी रेशनच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून सज्जन होता. मी त्याला सांगितलं, काशीला धाप लागते, तीन महिने कांड्या बंद आहेत.

"बंद असू दे. बाई हयात आहे ना? मग कमावती."

"पण आजारी आहे, साहेब."

"आजाराचा रकाना नाय, दामू. अर्ज ठेवून जा."

अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. पाचव्या महिन्यात काशी गेली. नियमाप्रमाणे मी मृत्यूचा दाखला जोडला. मग काम झपाट्याने झालं. आठ दिवसांत पत्र आलं. कमावत्या सदस्याच्या निधनामुळे कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत आले असून पिवळे कार्ड मंजूर करण्यात येत आहे. सबब शस्त्रक्रियाही मंजूर. रुग्णाने समक्ष हजर राहावे.

कारकुनाला मनापासून आनंद झाला. "उशीर झाला, पण काम झालं की नाही? आता पेढे आण."

वस्तीत ज्याला हे सांगतो, तो आधी एकच विचारतो, रेशनच्या दुकानात पेढे न्यायची काय गरज होती? तुमच्याही मनात तेच आलं असेल. वस्तीत मी कोणाला सांगत नाही, की न्यायला काशीने सांगितलं होतं.

आता तिचं नाव कार्डावरून कमी करायचं आहे. त्या अर्जात कारणाचा रकाना आहे, एका ओळीचा. तो भरायचा राहिला आहे.