दुष्काळी कामावरचा जनानखाना

जी गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिचंच चित्र झकास उतरतं; पाहिली की घोळ होतो. युरोपातल्या थोर चित्रकारांना हे केव्हाच कळलं होतं. तुर्कांच्या जनानखान्यात त्यांना कोणी पाऊल टाकू दिलं नाही, म्हणून तर प्रवासवर्णनांच्या पानापानांवर त्यांनी तिथल्या बाया छापल्या: हौदाकाठी लोडाला टेकलेल्या, हुक्का ओढणाऱ्या, जन्मात काडीचं काम नसलेल्या. (दारावरचा पहारेकरीसुद्धा बहुधा दुसऱ्याच्या चित्रावरून उचललेला.)

बीडच्या सहकारी छापखान्याचे चेअरमन सुंदरराव याच घराण्यातले. बहात्तरच्या दुष्काळात शिरूर कासारकडे रस्त्याच्या कामावर बाया खडी फोडत होत्या, आणि वर धाडायच्या अहवालात त्यांचं चित्र हवं होतं. तिकडे जायचं म्हणजे ऊन, धुरळा, शिवाय त्या बाया बोलतात. सुंदररावांनी कपाटातलं निजामाच्या काळचं विलायती पुस्तक काढलं आणि जनानखान्याचं पान उघडून ठसे कोरणाऱ्या पाशापुढे टाकलं.

"हुक्का काढ, हातोडा दे."

"आन हौद, साहेब?"

"ऱ्हाऊ दे बे. पाणी लई झ्याक उतरलंय."

अहवाल वर गेला. साहेबलोकांनी चित्र न्याहाळलं (मजकूर वाचायची पद्धत नाही). एवढा तुडुंब हौद असताना टँकर धाडणं म्हणजे उधळपट्टी, असं ठरून कामावरचा टँकर बंद झाला.

मग खडी फोडणारी केशरबाई रिकामी घागर घेऊन छापखान्यात येऊन धडकली.

"टँकर कावून बंद केला? लेकरं डबक्याचं पानी पिऊन आजारी पडल्यात."

सुंदररावांनी शांतपणे चित्र दाखवलं.

"ह्या कोन भवान्या?"

"तुम्हीच की."

"आमी? बरं. मग ह्यो हौद कुठं हाय तेवढं सांगा, घागर भरून घेते."

सुंदरराव चिडले नाहीत. मोठी माणसं चिडत नाहीत, समिती नेमतात. समितीने विश्रामगृहात मटण जेवून चित्र आणि केशरबाई शेजारी शेजारी ठेवून पाहिलं आणि एकमताने निकाल दिला: बाई चित्रासारखी दिसत नाही, सबब ती दुष्काळी कामावरची नव्हे. टँकर आला नाही. केशरबाईची धाकटी त्या डबक्याच्या पाण्यानं गेली. चित्राची मात्र दुसरी आवृत्ती निघाली.

लोड, हुक्का, हौद, सगळं या कथेत आलं. केशरबाई दिसायला कशी होती, हे एका अक्षरानं आलं नाही. आणि वाचकहो, तुम्हीही विचारलं नाहीत. त्या लोडाला टेकलेल्या बाया मात्र तुम्हाला अजून दिसतायत.