डाव्या हाताचं जेवण

आमच्या घराला दार एकच. ते पहाटे उघडतं आणि झोपताना लागतं. मधल्या वेळात काळाचौकीतल्या कोणीही यावं, आमचं पाणी प्यावं, आमचाच टीव्ही बघून आम्हाला नावं ठेवावीत आणि जावं. आतल्या खोलीला तर नुसता पडदा. आजाऱ्याची काळजी घ्यायला ठेवलेल्या रत्नामावशी पहिल्या दिवशी आल्या, चपला बाहेर काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि त्या पडद्यापाशी येऊन खांबासारख्या उभ्या राहिल्या. मग शेजारच्या भिंतीवर टकटक केलं.

"आई, मी रत्ना. आत येऊ?"

पडद्याआड माझी आई. अर्धांगाच्या झटक्याने तिची उजवी बाजू गेली होती आणि आयुष्यभर आख्ख्या मजल्याला पुरून उरलेल्या तिच्या जिभेवर 'व्हय' आणि 'नको' एवढेच शब्द उरले होते. आम्ही त्या पडद्यातून गोठ्यात गुरं शिरतात तसे शिरायचो. माझी बायको मनीषा म्हणाली, "अहो मावशी, जा ना थेट. झोपूनच असतात त्या."

"झोपून असल्या म्हणून काय झालं वहिनी? खोली कोणाची?"

आतून बऱ्याच वेळाने आवाज आला, "व्हय." मग मावशी आत गेल्या.

पंधरवड्यात सगळं घर टकटक करायला लागलं. मी कपाट उघडताना टकटक केलं. शेजारच्या सावंतांचं मांजर, जे दुधावर दरोडा घालण्यात तीन पिढ्या मुरलेलं आहे, तेसुद्धा उंबऱ्यावर बसून परवानगीची वाट बघताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. खोटं वाटत असेल तर सावंतांना विचारा. ते नाही म्हणतील, पण त्यांचा मांजरावर पहिल्यापासून राग आहे.

रत्नामावशी शिवडीहून यायच्या. पन्नाशी ओलांडलेली, चणीने लहान, आवाज मात्र गोदीतल्या भोंग्याचा. परळच्या एका संस्थेतून त्यांनी रुग्णसहायिकेचा कोर्स केला होता आणि त्या कोर्सला त्या वेदांच्या शेजारी बसवत. "ट्रेनिंगात सांगितलंय" म्हटलं की विषय संपला. आईला कुशीवर वळवताना त्या आधी सांगत, "आता मी तुमका डाव्या अंगावर घेतंय हां." मग पाठ बघत, टाचा बघत, कुठे लाली आली का बघत, आणि जे दिसेल ते डॉक्टरांना कळवत. "बघायचं आणि कळवायचं. गोळी बदलायची नाय, आपलं डोकं चालवायचं नाय." हे कळवणं त्यांच्या इतकं अंगात भिनलं होतं, की संडासाचा नळ गळतो हे त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला "काल संध्याकाळपासून सतत, रंग तांबूस" अशा शब्दांत कळवलं. सेक्रेटरी घाबरून रक्त तपासून आला.

हात धुण्याच्या बाबतीत त्या कोणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत. एकदा आमच्या वॉर्डातले एक पुढारी आईला भेटायला आले, सोबत पुष्पगुच्छ, कार्यकर्ते आणि फोटो काढणारा. मावशींनी त्यांना मोरीत उभं केलं. "बोटांच्या मधे पण. अंगठे ऱ्हवले, साहेब." फोटोवाल्याने सवयीने फोटो काढला. त्या निवडणुकीत आमच्या विभागातलं एकमेव पोस्टर असं लागलं, ज्यात उमेदवाराने मतदारांसमोर जोडलेल्या हातांना फेस होता. निवडून आले! पण तो विषय वेगळा.

खरं भांडण लागलं ते जेवणावरून.

आईला आम्ही भरवायचो. मी, मनीषा, चाळीतल्या बायका, जो येईल तो. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस आपल्या हातचे दोन घास भरवल्याशिवाय गेला, तर त्याला स्वतःलाच अपराध्यासारखं वाटतं. आई मान वळवून, डोळे मिटून ते घास घ्यायची. डॉक्टर म्हणाले होते, की उजव्या हाताला वेळ लागेल, डावा चांगला आहे, डाव्याने सुरू करा. नाहीतर आहे ती ताकदसुद्धा बसून जाईल. मग ती कायमची भरवून घेणारी होईल.

मावशींनी पहिलं काम केलं ते सगळ्यांना भरवायची बंदी. आईला उशा लावून नीट ताठ बसवलं, मऊ भात समोर ठेवला, डाव्या हातात चमचा दिला आणि स्वतः हाताची घडी घालून समोर बसल्या.

आईने चमचा खाली ठेवला. "नको."

"हात चांगलो आसा तुमचो, आई."

"नको!"

मी मावशींना बाजूला घेऊन समजावलं. "मावशी, हाताचा प्रश्न नाहीये. डावा आहे ना तो."

माझ्या आईच्या मते जगात पापं पुष्कळ, पण डाव्या हाताने जेवणं त्यांच्या वर. मी स्वतः जन्माने डावखुरा. लहानपणी माझा डावा हात ताटाकडे नुसता निघाला, तरी आईचं उलथनं त्याच्या आधी पोहोचायचं. तिने मला उलथन्याने उजवा केला. आता त्याच डाव्या हाताने तिने अन्न तोंडात घालायचं, तेही चारचौघांत? ती उपाशी मेली असती.

आणि ती तशी सुरुवात करते की काय, असं वाटायला लागलं. भरवायची बंदी, स्वतः खायला नकार. चार चमचे पेज मावशी स्वतः तिच्या पोटात घालायच्या, जीव धरण्यापुरती. आईचे गाल बसले. त्यातच गिरगावहून शालूआत्या आली. शालूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. ती हळू आवाजात बोलते आणि त्यामुळे जास्त लागतं.

"मनीषा, ही बाई नेमकी कशाला ठेवली आहे गं?"

"सासूबाईंचं सगळं करायला."

"हो का? मला वाटलं, त्या कशा जेवत नाहीत ते बघायला. घरचं माणूस घास भरवेल, तर तेही ही करू देत नाही! वहिनी, मी भरवते हो तुम्हाला."

"हात काढा, आत्या," मावशी म्हणाल्या.

"मी धुतलेत."

"धुतलेले असूंदे. काढा."

आत्याचा हात हवेत थांबला. आख्ख्या आयुष्यात तिला असं कोणी बोललं नव्हतं. यमराजसुद्धा एकदा तिच्या दाराशी येऊन, तिचा चेहरा बघून, शेजारच्या घरी गेला अशी आमच्या घराण्यात वदंता आहे. "आज आपण सगळ्यांनी काय ते ठरवू," आत्या म्हणाली, "ही राहील नाहीतर मी येईन."

मी मावशींकडे बघितलं. चेहरा दगडासारखा. पण पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं.

"ठरवा," मावशी म्हणाल्या. "पण आधी जेवूया. सगळे हयच बसा, आईंच्या समोर. आणि सगळ्यांनी डाव्या हातान."

"काय?"

"डाव्या हातान. आत्या, तुमीपण."

का कोण जाणे, आम्ही बसलो. मावशी कधी आमच्या घरात जेवायच्या नाहीत, पण त्या दिवशी त्याही ताट घेऊन बसल्या आणि डाव्या हाताने भात कालवायला लागल्या. आणि वाचकहो, काळाचौकीने गिरणीसंप पाहिला, दहीहंड्या पाहिल्या, पण असं जेवण पाहिलं नसेल. मनीषाने आमटीभाताचा पहिला घास थेट कानाकडे नेला. मावशींचा भात कोपरापर्यंत आणि तिथून लुगड्यावर. शालूआत्याने नाक मुरडून एक घास उचलला, तो वाटेत सुटला, आणि त्यातलं एक शीत तिच्या गिरगावी मोत्याच्या माळेवर जाऊन असं बसलं, की एक मोती जास्त आहे हे संध्याकाळपर्यंत कळलं नसतं. भिंतीवरच्या वडिलांच्या तसबिरीलाही थोडी आमटी पोहोचली. त्यांना आवडायचीच.

सगळ्या खोलीत एकच माणूस व्यवस्थित जेवत होता. मी. माझा डावा हात, इतकी वर्षं उलथन्याच्या धाकाने मांडीवर झोपलेला, उठला आणि जणू कालच सोडलेलं काम हातात घेतलं. एक शीत सांडलं नाही.

मग मला जाणवलं, की आई माझ्या हाताकडे बघत्येय.

मी थांबलो. उलथनं दिसत नव्हतं, तरी हात आपोआप मागे सरकला. तिने आत्याच्या माळेकडे पाहिलं, परत माझ्याकडे. तिच्या चांगल्या बाजूचा ओठ हलला. आणि ती हसली. अर्ध्या तोंडाने, आवाज न होता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हसता हसता तिने डावा हात ताटाकडे नेला, चमच्याला बाजूला सारलं, भाताचा वेडावाकडा घास केला आणि तोंडात घातला. निम्मा सांडला.

आत्यानेच शेवटी माळेवरचं शीत काढून हळूच तोंडात टाकलं. कोण राहणार आणि कोण येणार, हा विषय परत निघाला नाही.

पुढे आईला वेग आला. आधी सांडणं कमी झालं, मग शब्द वाढले, त्यातले बरेच शिव्या होते. ती पडद्यापासून ओट्यापर्यंत मावशींच्या आधाराने, नंतर नुसत्या त्यांच्या ओरडण्याच्या आधाराने चालायला लागली. एका दुपारी मी सहज विचारलं, "मावशी, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"माझ्या? एक आजोबा नायगावला होते, ते गेले. हिंदमातेजवळ एक बाई होती, ती चालायला लागली. भोईवाड्याला एक मास्तर, तेही गेले."

"अहो, तुमच्या घरी."

"तेच सांगतंय ना. माझ्या गोतावळ्यात दोनच तऱ्हा, दादा. गेलेले आणि चालायला लागलेले. परत कोणच बोलवत नाय." आणि त्या मोठ्याने हसल्या आणि आईच्या टाचा बघायला निघून गेल्या.

मग मावशींना कामावर पाठवणाऱ्या ब्यूरोतून फोन आला. दादरला नवीन पेशंट आहे, सोमवारपासून जा. आई आता स्वतः जेवते, स्वतः उठते, तर आम्हीही अडवायचं कशाच्या जोरावर? मावशींनी आईला त्यांच्या पद्धतीने सगळं आधी नीट सांगितलं. आई "बरां" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शेवटच्या दिवशी मनीषाने बांगड्याचं तिकलं, ते तिखट घट्ट कालवण, केलं. काटे काढून आईच्या ताटात वाढलं, भात वाढला. आई खुर्चीत ताठ बसली होती. तिने ताटाकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, डावा हात उजव्याशेजारी मांडीवर ठेवला आणि आ केला.

मी मनीषाकडे बघितलं. आदल्याच दिवशी आईने याच डाव्या हाताने लसूण सोलला होता. आता मावशी कडाडणार म्हणून आम्ही दोघं भिंतीला टेकलो.

मावशींनी हात धुतले. स्टूल ओढून आईच्या समोर, डोळ्यांच्या पातळीला बसल्या. भात कालवला. लहानसा घास केला, चमच्याने नाही, हाताने, आणि आईच्या तोंडात घातला. मग दुसरा. आई सावकाश चावत होती, गरजेपेक्षा पुष्कळच सावकाश.

अर्धं ताट झाल्यावर मावशींनी मान खाली घालून विचारलं, "हात दुखता काय ओ, आई?"

"व्हय."

"बरां," मावशी म्हणाल्या आणि पुढचा घास करायला घेतला. "दुखांदे."