धनेशाचा फोन आणि ढोलीतलं बाळ

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यात उंच झाड मोबाईलच्या टॉवरचं होतं. त्याच्या खालोखाल एक बेहडा. त्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची बायको बाळंतपणासाठी बसली होती.

धनेशांची रीत अशी, की मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. उरते ती एक बारीक फट. नवरा बाहेरून त्या फटीतून फळं भरवतो. पिल्लाच्या पंखांत बळ आलं, की मगच भिंत फुटते.

एके सकाळी आतून बारीक चिवचिव आली. धनेशाच्या चोचीतलं उंबर खाली पडलं.

"झालं का गं?"

"झालं. चोच अगदी तुमच्यावर गेलीय. डोकावून बघा की."

"फटीतून काय दिसणार? एक डोळा, नाहीतर एक पंख."

"मग आज डोळा बघा, उद्या पंख."

"छे. माझं पहिलं बाळ. बघायचं तर पूर्ण बघायचं. तू व्हिडिओ काढ आणि पाठव."

बायकोजवळ लॅपटॉप होता. माहेरून आणलेला, जांभूळ कंपनीचा. धनेशाचा फोन होता उंबर कंपनीचा. व्हिडिओ आतून निघाला, बाहेर पोचला आणि फोन म्हणाला, 'ही फाईल उघडता येत नाही.'

धनेश उडाला तो थेट शेकरूच्या दुकानात. शेकरूने फोन उलटा केला, सुलटा केला, शेपटीने पुसला.

"वहिनींचा जांभूळ ना? मग असंच होणार. उंबरवाले जांभूळवाल्यांशी बोलत नाहीत."

"का?"

"बोलले तर मी काय विकू, धनेशराव?" असं म्हणून त्याने एक वायर दिली.

वायर फटीतून आत गेली. तिचं टोक लॅपटॉपला बसेना. मग टोकाला लावायचं टोक आणलं. ते बसलं, तर लॅपटॉप म्हणाला, 'हे उपकरण ओळखीचं नाही.'

"अगं, सांग त्याला, मी नवरा आहे."

"सांगितलं. पासवर्ड मागतोय."

फोन अपडेट केला, तर त्याच्यापुढे लॅपटॉप जुना झाला. लॅपटॉप अपडेट केला, तर दोघांपुढे वायर जुनी झाली. शेकरूने दुकानावर आणखी एक मजला चढवला.

फळं मात्र धनेश वेळेवर भरवायचा. चोच फटीत, डोळे फोनवर.

आत पिल्लू विचारायचं, "आई, ही चोच कोणाची?"

"बाबांची."

"बाकीचे बाबा कुठे आहेत?"

"अपडेट होतायत, बाळा."

आणि एक दिवस खरंच जमलं. उंबराने जांभळाला ओळखलं. व्हिडिओ थेंबथेंब फोनमध्ये उतरू लागला.

तेवढ्यात आतून ठकठक सुरू झाली.

"अहो, सरका. भिंत फोडतेय."

"आत्ता नको, वायर हलेल."

"बाळ थांबत नाहीये."

भिंत ढासळली. पिल्लू बाहेर आलं आणि धनेशाला खेटून फांदीवर बसलं. चोचीपासून शेपटीपर्यंत त्याने बापाला सावकाश पाहून घेतलं.

"बाबा, तुम्ही केवढे मोठे आहात."

"हलू नकोस, राजा," धनेश स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "तू येतोयस."

पिल्लू बराच वेळ थांबलं. मग त्याने पंख उघडले. आईही त्याच्या मागोमाग गेली.

व्हिडिओ सुरू झाला. पंखही न फुटलेला एक गुलाबी गोळा आईच्या पोटाशी वळवळत होता. धनेशाचे डोळे भरून आले.

"अगं, हे बघ तरी," तो म्हणाला, "किती छोटं आहे."

त्याने फोन शेजारी धरला. शेजारी फांदी होती.

तात्पर्य : पिल्लं फार घाईने मोठी होतात, ही त्यांची वाईट खोड आहे. यंत्रांचं आपसांत जुळेपर्यंत त्यांनी लहान राहायला शिकलं पाहिजे.