ठराव न्यूयॉर्कचा, हुकूम सगुणभाईंचा

म्हापशाच्या डॉक्टरांनी आमच्या सगुणभाईंना खारे बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी, आणि पापड यांवर कायमची बंदी घातली. ती बंदी भाईंच्या घरात लागू व्हायला तीन महिने लागले. का? तर डॉक्टरांनी केला तो नुसता ठराव. ठराव झाला म्हापशात, घर आहे पेडण्यात. म्हापशातला ठराव पेडण्यातल्या चुलीवर आपोआप कसा लागू होईल? त्यासाठी घरात वेगळा हुकूम निघायला हवा, तो लिहून स्वयंपाकघराच्या दाराला डकवायला हवा. तोवर बांगडा भाजायला कायद्याची काहीच आडकाठी नाही!

"प्रेशर चडतलां तां काय हुकूम वाचून चडतलां?" वहिनी विचारायच्या. भाई शांतपणे बांगडा उलटायचे.

शेवटी हुकूम निघाला. त्यात सवलती होत्या: चतुर्थी, शिगमो, गावची जत्रा, घरात पाहुणे असतील ते दिवस, आणि पाऊस सलग तीन दिवस लागला तर. वहिनींनी तो कागद उभ्याउभ्या वाचला, चुलीत घातला आणि बांगड्यांचा डबा उचलून शेजारी, म्हणजे माझ्याकडे, आणून दिला. अंमलबजावणी म्हणतात ती ही!

मी गावच्या मराठी शाळेत शिकवते, म्हणून अख्खा गाव मला टीचर म्हणतो. भाईंच्या आणि माझ्या घरामध्ये एक जास्वंदीची वई, म्हणजे कुंपण, आहे, आणि त्या वईवरून मला जे शिकायला मिळालंय ते बी.एड.ला मिळालं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

भाई पणजीच्या एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. तिथं त्यांच्या टेबलावर कुठले कागद यायचे, सांगू? जगातल्या बंद्यांचे! अमक्या देशाला शस्त्रं विकू नका, तमक्या माणसाला आपल्या देशात घेऊ नका, त्याची मालमत्ता गोठवा. भाई हे सांगायला लागले की त्यांचे डोळे नुसते चमकायचे. "टीचर, न्यूयॉर्कात पंधरा देश बसतात, सुरक्षा परिषद म्हणतात तिला. बंदी घालतात ते पंधरा. पण ती पेडण्यात अमलात कोण आणतो? मी!"

हुकमाबद्दल बोलताना भाई कचेरीतलं मराठी बोलतात आणि जेवणाबद्दल गावची बोली. मला पहिल्यांदा काही कळेना. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या जगानं ठरवलं, मग आणखी तुमचा कागद कशाला? भाई वईवरून अर्धे आत आले.

"अहो, पत्रादेवीच्या सरहद्दीच्या नाक्यावरचा पोलीस न्यूयॉर्कच्या पत्रावर कुणाला धरेल? तो विचारील, माझ्या देशाचा कायदा काय म्हणतो? त्यासाठी स्वातंत्र्याच्या वेळचा एक छोटासा कायदा आहे. दोनच कलमं! पहिल्यात नाव, दुसऱ्यात काम. न्यूयॉर्कला ठरलं की त्या दुसऱ्या कलमाखाली दिल्ली हुकूम काढते, तो गॅझेटात छापते. मग बाहेरचा शब्द घरचा होतो. मग याद्या निघतात, दिल्लीहून पणजी, पणजीहून तालुका." मग बोट स्वतःच्या छातीवर. "मधला पणजी तो मी."

त्या याद्यांतला एकही माणूस भाईंना पेडणे किंवा डिचोली तालुक्यात कधी सापडला नाही. याचं त्यांना दुःख असेल असं मला वाटायचं. छे! उलट अभिमान. "आमची अंमलबजावणी इतकी कडक, की कोणी फिरकलाच नाही."

रशियाचं युद्ध सुरू झालं तेव्हा तर काय मजा! केरीच्या किनाऱ्यावर शॅक, म्हणजे झापाचं हॉटेल, चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी घाबराघुबरा होऊन आला. म्हणाला, अमेरिकेनं रशियनांवर बंदी घातली, माझ्याकडं दोन रशियन म्हातारा-म्हातारी उतरलीत, त्यांचं कार्डही चालेना, आता मला पकडतील? मी काही बोलायच्या आत वईपलीकडून आवाज आला, "गॅझेटात आयलां?"

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. वीज जाणार म्हणा, फेरीबोट बंद म्हणा, पाव महागला म्हणा, भाई आधी हेच विचारतात.

आणि लगेच स्कूटर काढून भाई केरीला गेले! त्या म्हाताऱ्या जोडप्यासमोर उभं राहून त्यांनी मराठीत भाषण केलं, "अमेरिकेची बंदी अमेरिकेच्या घरात. न्यूयॉर्कच्या पंधरा जणांनी घातलेली नाही, दिल्लीनं हुकूम काढलेला नाही. कार्डाचं तुमचं तुम्ही आणि बँक बघा. भारत सरकारतर्फे तुम्हाला जेवायला मोकळीक आहे!" त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण म्हातारीनं उठून भाईंचे दोन्ही हात हातात घेतले. नंतर तिघांनी मिळून सुक्या सुंगटांचं हुमण, म्हणजे आमचं कालवण, खाल्लं. घरी पाहुणे नव्हते, पण आपणच पाहुणे होतो, असं भाईंनी वहिनींना सांगितलं.

असा हा माणूस. हसायचा विषय. मीही हसत होते, यंदाचं तुळशीचं लग्न होईपर्यंत.

झालं काय, गावातल्या काशिनाथनं पठारावरची आपली जमीन दिल्लीच्या कुणा बिल्डरला विकली. बिल्डरनं कुंपण घातलं आणि पालखीची वाट कुंपणात गेली. गाव पेटला. पेटणारच, मलाही राग आला होता. रविवारी सकाळी देवळात बैठक बसली आणि आरडाओरड्यात ठरलं, काशिनाथच्या घरची पायरी कुणी चढायची नाही.

आता ऐका. काशिनाथच्या मुलीचं, स्वराचं, लग्न बारा दिवसांवर होतं. वऱ्हाड डिचोलीहून यायचं होतं. स्वरा माझ्या हाताखाली शिकलेली, हुशार पोर. आणि ज्या देवस्थान समितीत हा ठराव झाला तिचा अध्यक्ष कोण? विश्राम. स्वराचा सख्खा मामा! काशिनाथच्या बायकोचा, शांताचा, एकुलता एक भाऊ. मामानं हात धरून नवरीला बोहल्यावर आणायचं, ही आपली रीत. आता अध्यक्षच पायरी चढला नाही तर गाव चढेल? आणि अध्यक्ष चढला तर गाव त्याला सोडील?

शांता माझ्याकडे येऊन रडली. "जेवणाचा आचारी बाहेरून आणीन गो टीचर, पण भाऊ खंयसून आणू?"

माझ्या डोक्यात नुसती तिडीक गेली. मी सरळ भाईंच्या अंगणात. "भाई, पोलिसांत जाते मी. वाळीत टाकणं म्हणजे काय चेष्टा आहे?"

"जा," भाई म्हणाले. "मांडवात पोलीस बसतील. विश्राम मग मेला तरी येणार नाही."

"मग करायचं काय? तुम्ही विचारा ना त्यांना, तुमचं ते गॅझेट!"

भाई उठले. आत गेले, चष्मा घेतला, कोरे कागद घेतले आणि बाकावर बसून लिहायला लागले. मी थक्क. हा माणूस चक्क बंदीचा मसुदा करत होता! मी रागारागानं स्वयंपाकघरात वहिनींकडे गेले आणि वाट्टेल ते बोलले. वहिनींनी मला बसवलं.

"त्यांची भैण आसा, कुसूम. तेरेखोलाक," त्या हळूच म्हणाल्या. "बेचाळीस वर्षांआदी जातीभायर लगीन केल्यान म्हणान सासऱ्यांनी सांगलां, तिच्या घरची पायरी कोणी चडायची नाय. सासरे जावन वीस वर्षां जाली. हे अजून गेले नाय."

बेचाळीस वर्षं! केरीच्या धक्क्यावरून नदीपलीकडचं तेरेखोल दिसतं. फेरीबोटीनं पाच मिनिटं लागतात. मला त्या बाईचं नावही ठाऊक नव्हतं, आणि मी पंधरा वर्षं वईवरून गप्पा मारत होते. मी बाहेर आले तेव्हा भाई अजून लिहीतच होते. मी त्यांच्यापुढं चहा ठेवला.

पुढच्या बैठकीत भाईंनी मसुदा मांडला. "तोंडी ठरावाला अर्थ नाही. गावाची बंदी असेल तर ती रीतसर हवी." लोक खूश! आपल्या रागाला एवढा मान मिळालेला कुणाला आवडत नाही? भाई खणखणीत आवाजात वाचू लागले. "ज्याअर्थी श्री. काशिनाथ यांच्या व्यवहारामुळे पालखीची वाट अडली आहे, त्याअर्थी याद्वारे..." कलम एक, नाव. कलम दोन, बंदी. टाळ्या पडल्या. कलम तीन, सवलती.

"सवलती कित्याक?" कुणीतरी ओरडलं.

"न्यूयॉर्कची पद्धत आहे," भाई म्हणाले. "जगातल्या सगळ्यांत मोठ्या गुन्हेगाराची मालमत्ता गोठवली, तरी त्याच्या अन्नाला, औषधाला, घरभाड्याला वाट ठेवतात. काशिनाथ त्याच्याहून मोठा गुन्हेगार आहे काय?"

तेवढा मोठा काशिनाथ नव्हता, हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. भाई पुढं वाचत गेले. अन्नपाणी. औषधपाणी. बाळंतपण. मयत. लग्नकार्य आणि त्यास लागणारी माणसं. "स्पष्टीकरण: माणसं या शब्दात मामाचा समावेश होतो."

मी विश्रामकडे बघत होते. त्यानं मान खाली घातली होती.

"मग बंदी उरली कशार?" मागून एकानं विचारलं.

भाईंनी पान उलटलं. "काशिनाथच्या अंगणात विनाकारण उभं राहण्यावर."

आधी एक जण हसला, मग दुसरा, मग सगळं देऊळ. पण भाई हसले नाहीत. त्यांनी कागद विश्रामपुढं ठेवला, पेन उघडून दिलं. विश्रामनं ते तिसरं कलम बोट ठेवून पुन्हा वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. आणि सही केली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली.

काय सांगू तुम्हाला, काय लग्न झालं ते! गाव लोटला. जो तो दारातच सांगत होता, "हुकमापरमाणे आयलां हां!" बायका नारळ किसत होत्या हुकमाप्रमाणे, पोरं पंगतीत वाढत होती हुकमाप्रमाणे. पालखीच्या वाटेचं भांडण मिटलेलं नव्हतं, ते अजूनही चालू आहे. पण मुहूर्ताला विश्राम नवं धोतर नेसून पायरी चढला. शांता धावत दारात आली, आणि भावाला बघून तिथंच मटकन बसली. विश्राम म्हणाला, "ऊठ गो, मुहूर्त चुकतलो." आणि स्वतःच डोळे पुसायला लागला. मी तर हमसून हमसून रडले, मला लाज नाही त्याची.

भाई कुठं आहेत म्हणून बघितलं, तर मांडवाच्या मागं, आंब्याखाली एकटे. विश्राम आणि शांताकडे टक लावून उभे.

मी जवळ गेले. "भाई, गावाला सवलत दिलीत. स्वतःला कधी देणार?"

मला हे कुणी सांगितलं असेल, ते त्यांना लगेच कळलं. त्यांनी उपरणं पिळलं. मग कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "हुकूम काढणारा वारला, टीचर. तो मागं घ्यायचा अधिकार कुणाला, हा प्रश्न आहे."

"कसला प्रश्न? घरचे मोठे तुम्ही. अधिकार तुमचाच!"

"तां माका ठावक आसा," भाई एकदम गावच्या बोलीत म्हणाले. "पयल्या दिसापासून ठावक आसा. पण मी गेलंय आनी तिनां माका भितर घेतलां नाय तर?"

बंद्या, याद्या, गॅझेटं, आणि आत एवढीशी भीती! मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला आणि भयंकर माया आली. मी म्हटलं, "उद्या सकाळी शाळेला सुट्टी टाकते. मी येते तुमच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी केरीच्या धक्क्यावर भाई इस्त्रीच्या शर्टात उभे. वहिनींनी नारळाच्या वड्या दिल्या होत्या, पण स्वतः आल्या नाहीत. "पयली भेट भैणी-भावाची," एवढंच म्हणाल्या. फेरीबोटीच्या पाच मिनिटांत भाईंनी खिसा चार वेळा चाचपला.

तेरेखोलला उतरून विचारत विचारत घर सापडलं. कौलारू, बुटकं, समोर वाळत घातलेली जाळी. पुढच्या बाकावर एक म्हातारी सुंगटं सोलत होती. तिनं वर बघितलं. ओळख सांगायची वेळच आली नाही. दोघांचं नाक सारखं, कपाळ सारखं.

भाईंनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि पायरीखालूनच हात लांब करून तिला दिला. मला त्यातली पहिली ओळ दिसली, "ज्याअर्थी". कुसूमताईंनी हात पदराला पुसले, कागद घेतला, आणि न उघडताच बाकावर ठेवला.

"कागद मागीर वाचतंय," त्या म्हणाल्या. "तोंडान सांग."

भाईंनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. आयुष्यभर लिहून काम केलेला माणूस, त्याच्या तोंडून आवाजच फुटेना. मग कसंबसं, शाळेतल्या मुलासारखं, "चुकलां माजां, कुसूम."

"इतक्यासाठी बेचाळीस वर्षां?" कुसूमताईंनी सुंगटांचं ताट बाजूला सारलं. "भायर कित्याक उभो? भितर ये."

भाईंनी चपला काढल्या, पायरी चढले आणि आत गेले. वड्यांचा डबा माझ्याच हातात राहिला. मला कुणी ये म्हटलं नाही, आणि मी जाळ्यांजवळ उभी राहून आतल्या दोघांचं रडणं ऐकत, एकटीच हसत होते.