घेरावातले पाहुणे

साहेब कोण आणि शिपाई कोण, हे मी नुसत्या चालीवरून ओळखतो. युनियनच्या सभेत मी तसं बोलून गेलो आणि तिथेच फसलो.

सरकारचं नवं आर्थिक धोरण आल्यापासून कुकटपल्लीच्या आमच्या सरकारी पंप कारखान्यात कोणाला झोप नव्हती. त्यात बातमी आली, की दिल्लीहून एक साहेब येतोय आणि कोणाला घरी बसवायचं ते तोच ठरवणार. आम्ही हजेरी विभागातले सात कारकून सगळ्यांत जास्त घाबरलो. माझी बायको भामा डबा देताना रोज विचारायची, "उद्याचा करायचा ना?" युनियनचे पुढारी शिवराज म्हणाले, साहेबाला गेटवरच घेराव घालायचा. पण त्याला पाहिलंय कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दहा वाजता टॅक्सीतून टाय लावलेला एक तरुण उतरला. सोबत दोन मोठी खोकी. मी बोट दाखवलं आणि दीडशे माणसांनी त्याला घेरलं! तो घामाघूम होऊन सांगत होता, की मी सारंग, पुण्याहून कॉम्प्युटर दाखवायला आलोय. कोणाचा विश्वास बसेना. शिवराजनी मात्र आधी चहा आणि उस्मानिया बिस्किटं मागवली.

"घेराव अपनी जगा, चाय अपनी जगा," ते म्हणाले.

खोकी उघडली. घरी बसवायच्या माणसांची यादीबिदी काही नव्हती, खरोखरच कॉम्प्युटर होता. आता बिचाऱ्याला सोडायला हवं होतं. पण मला राहवेना. हे यंत्र करतं तरी काय? वॉचमनच्या खोलीत ते मांडायला लावलं आणि हजेरीचं रजिस्टर मीच धावत जाऊन आणलं. घोषणा थांबल्या. खिडकीत डोकीच डोकी. सारंगने वीस नावं भरली, बटण दाबलं आणि रजा, उशीर, ओव्हरटाइम सगळं पडद्यावर हजर! आमचे हेडक्लार्क नामदेवराव तर टाळ्या वाजवायला लागले.

माझ्या मागे अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले, हातात कापडी पिशवी धरलेले एक गृहस्थ टाचा उंचावून बघत होते. पेन्शनच्या कामाला आले असावेत. मला दया आली. त्यांना पुढे जागा करून दिली, माझा चहाही दिला. त्यांनी हळूच विचारलं, "अभी ये काम कितने लोग करते हैं?"

"सात," मी अभिमानाने सांगितलं. "और तीन दिन लगते."

ते मान हलवून बाहेर पडले. बाकीचे सगळे अजून पडद्यातच गुंतलेले. मी सहज खिडकीतून पाहिलं, तर मॅनेजरचा शिपाई त्यांना वाकून सलाम करत होता. "साब, बस से आए? आपके वास्ते स्टेशन को गाडी भेजे थे!"

मी पटकन खिडकीपासून बाजूला झालो.

सोमवारी बोर्डावर कागद लागला. हजेरी विभाग, आवश्यक कर्मचारी: एक.

तेव्हापासून आम्ही सातही जण गेटसमोर सतरंजी टाकून धरणं धरलंय. आज अठरावा दिवस. भामा डबा पाठवते, विचारत काही नाही. नामदेवराव मात्र रोज सकाळी विचारतात, "आपण सात जण आहोत, हे त्या साहेबाला सांगितलं कोणी?"

कोणी सांगितलं, हे सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच विचारतो. तुम्ही मात्र आमच्या गेटकडे आलात, तर कृपा करून गप्प राहा.