रब्बीचा खेळाडू

आमच्या नाशिकच्या गल्लीतून गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाणाऱ्या यात्रेकरूंनी पोटऱ्या सांभाळाव्यात. कोपऱ्यावर चाकाच्या खुर्चीत एक माणूस बसलेला असतो. त्याच्या मांडीवर कुणी रुपया टाकला की तो खुर्ची गर्रकन वळवतो आणि देणाऱ्याच्या मागून नेऊन घालतो. खुर्चीला पाय ठेवायची लोखंडी पट्टी असते. ती बरोबर पोटरीच्या मांसात बसते. माणूस बोंबलतो, "अरे भाई, पैसा दिया है!" हा म्हणतो, "मैंने माँगा था क्या?"

याचं नाव विलास. दोन कुंभमेळे त्यानं याच कोपऱ्यावरून पाहिले आणि दोन्ही वेळा पोलिसांनी त्याला हात जोडले, की बाबा, पर्वणीपुरता तरी घरात बस. तो बसला नाही.

माझं दुकान त्याच्या समोरच आहे. गंगाजल न्यायचे गडू, कापूर, वाती, कुंकू. म्हणजे ज्याच्या पोटरीवर हा खुर्ची घालतो तो बहुतेक माझंच गिऱ्हाईक असतो. तो लंगडत पुढं निघून जातो आणि माझा गडू तसाच राहतो. यावरून आमचं रोज भांडण.

"विलास, माझं गिऱ्हाईक होतं ते."

"मग त्याच्या गळ्यात पाटी अडकवायची."

"एका रुपयानं तुझं काय जळतं रे? देवाच्या दारी माणूस धर्म करतो."

"उद्या तुमच्या मांडीवर टाकला तर?"

"मी घेईन."

"घ्यालच तुम्ही. चौथी पास."

मी चौथी पास आहे हे मीच एकदा त्याला सांगून बसले. तेव्हापासून हिशेब चुकला, चौथी पास. देवळाची वेळ चुकीची सांगितली, चौथी पास. हा स्वतः बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा मान मोडली आणि कॉलेज सुटलं. पाय गेले. हात वर होतात, पण बोटं मिटत नाहीत. चहाचा कप दोन तळहातांत धरून पितो. तोंड मात्र शाबूत राहिलं, किंबहुना बाकी सगळ्याची ताकद तिकडं गेली.

त्याची दोन वाक्यं गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहेत. पहिलं, "हात नाही लावायचा!" खुर्ची खड्ड्यात अडकली, चढावर थांबली, काहीही झालं तरी मागून कुणी ढकलायचं नाही. घाम गाळत स्वतः काढेल. एकदा एका भल्या माणसानं न विचारता रस्ता ओलांडून दिला, तर हा तेवढाच रस्ता उलटा ओलांडून परत आला. त्याला त्या बाजूला जायचंच नव्हतं म्हणे. दुसरं वाक्य 'बिचारा' या शब्दासाठी राखलेलं. कुणी "बिचारा" म्हटलं की हा म्हणतो, "बिचारा असेल तुमचा सासरा."

हात लावायची परवानगी एकट्या मधूला. मधू त्याचा थोरला भाऊ, रिक्षा चालवायचा. विलासला उचलून रिक्षात ठेवायचं, खुर्ची मागं बांधायची, हे सगळं तो न बोलता करायचा. विलास त्याला वाटेल ते बोले, की दादा, पोतं आहे का मी, दादा, डोकं आपटलंस. मधू कधी उलटून बोलला नाही. मला तर त्याचा राग यायचा. म्हटलं, एक ठेवून दे ना त्याला. तो नुसता हसायचा.

मग दुसरा कुंभमेळा होऊन काही वर्षं गेल्यावर विलास रोज संध्याकाळी गायब होऊ लागला. गिऱ्हाइकं नीट येऊ लागली. मला चैन पडेना, म्हणून विचारलं, "कुठं असतोस रे?"

"रग्बी खेळतो."

मी ऐकलं, रब्बी. म्हटलं, कांद्याबिंद्याचं काही शिकवत असतील, अपंगांसाठी सरकार काय काय काढतं. पण तो घरी येई तेव्हा कोपरं सोललेली असत आणि खुर्चीवर हे एवढाले पोचे. अशी कुठली रब्बी? मी मधूला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, मलाही आधी तेच वाटलं. लय वेगळं आहे ते. बघायला चला."

मी गेले. तिरक्या चाकांच्या, पत्रा ठोकलेल्या खुर्च्या, कढया उभ्या केल्यासारख्या. त्यात मान मोडलेली आठ माणसं, आणि एकमेकांवर रेड्यांसारखी धडकत होती. चेंडू मांडीवर घ्यायचा आणि पलीकडची रेघ ओलांडायची, एवढाच खेळ. समोरच्याच्या खुर्चीला खुशाल धडक द्या, पण माणसाला हात लागला की शिट्टी. हात नाही लावायचा! हा खेळ कुणीतरी आमच्या गल्लीत येऊन, विलासला बघूनच काढला असावा.

त्यांना शिकवणाऱ्या बाई होत्या, व्यायामाच्या डॉक्टर. त्यांनी सांगितलं, परदेशातले दोन संघ नाशिकला येणार आहेत, आपल्याकडं हा खेळ नवा आहे, माणसं कमी आहेत, विलास आपल्या देशाकडून खेळेल. विलास त्या दिवशी मला चौथी पास म्हणाला नाही. "मावशी, मला मैदानात उतरायचं आहे, बस. एकदा. हरलो तरी चालेल," एवढंच म्हणाला. पुढं वर्षभर त्यानं दुसरा विषय काढला नाही.

आता मुख्य राग येतो तो इथून पुढं.

स्पर्धेसाठी स्वागत समिती झाली. समिती झाली की काय होतं ते महाराष्ट्रात सांगायला नको. अध्यक्ष अण्णासाहेब, आमच्या भागातले मोठे पुढारी. हॉलच्या दारावर कापडी फलक लागला: 'आंतरराष्ट्रीय व्हीलचेअर रब्बी स्पर्धा'. वर दोन्ही बाजूंना गव्हाच्या ओंब्या काढलेल्या. म्हणजे चौथी पास मी एकटीच नव्हते. विलासनं तो वाचला आणि पेंटरच्या सात पिढ्या काढल्या.

हॉलला तीन पायऱ्या, उतार नाही. आदल्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून दाराला फळ्या टाकल्या. न्हाणीघराचं दार इतकं अरुंद की खुर्ची आत जाईना. चाकाच्या खुर्च्यांची स्पर्धा, आणि समितीनं सोय कशाची केली होती, तर जरबेराच्या फुलांची. खेळायच्या फरशीवर महिला मंडळानं ही मोठी रांगोळी काढलेली, मोर आणि कलश. परदेशी खेळाडू सरावाला उतरले आणि मोराची शेपटी सगळ्या हॉलभर गेली. बायका रडकुंडीला आल्या. ते पाहुणेही घाबरले. त्यांना वाटलं काही धार्मिक असावं.

सत्कार व्यासपीठावर ठेवला होता. सहा फूट उंच व्यासपीठ! अण्णासाहेब वर बसले आणि भाषण सुरू झालं. रब्बीचा कांदा, पाटाचं पाणी, हमीभाव. चांगलं बोलले, कांद्याचं त्यांना कळतं. परदेशी मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग निवेदक भरलेल्या गळ्यानं म्हणाला, "नियतीनं ज्यांच्यावर घाला घातला त्या आपल्या अपंग बांधवांना आता स्वयंसेवक उचलून वर आणतील."

चार तगडी माणसं विलासकडं आली.

"हात नाही लावायचा."

"अहो, सत्कार आहे तुमचा. शाल-श्रीफळ."

"खाली द्या. मी पोतं नाही."

समितीतला एक बिल्लेवाला धावत आला. विलासच्या कानाशी वाकून बोलला, पण मी मागच्याच खुर्चीत होते, मला सगळं ऐकू आलं. "अण्णासाहेबांचा अपमान करतोस? वर येणार नसशील तर संघातून नाव काढायला लावीन. खेळ मग कोपऱ्यावर."

विलासचं तोंड उतरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यानं एकदा फरशीकडं बघितलं, जिथं खेळायचं होतं तिकडं. मधू आला, हात जोडून म्हणाला, "विलास, एवढं ऐक. दोन मिनिटांचं काम आहे. मी उचलतो, मग तर झालं? वर्षभर मरमर केलीस." त्या डॉक्टरबाई बिल्लेवाल्याशी भांडायला लागल्या. माझ्या तोंडात सासरच्या सगळ्या शिव्या आल्या होत्या.

विलास मधूला म्हणाला, "दादा, आज तू नको."

तोवर ते चौघे दुसऱ्या बाजूला परदेशी खेळाडूंकडं वळले होते. पहिला होता एक लालभडक दाढीवाला, दंड माझ्या मांडीएवढे. त्यानं विलासकडं पाहिलं, त्या चौघांकडं पाहिलं, व्यासपीठाच्या पायऱ्यांकडं पाहिलं. भाषा कळायची गरजच नव्हती. त्यानं खुर्ची मागं घेतली आणि विलासच्या शेजारी आणून लावली. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. सगळे संघ खाली एका रांगेत, आणि वर अण्णासाहेब एकटे, हातात शाल धरून.

विलासला कंठ फुटला. "अण्णासाहेब, पायऱ्या तुम्हाला जमतात. तुम्हीच या खाली."

आता अण्णासाहेबांचे गुडघे गेलेले, हे आख्ख्या नाशिकला ठाऊक. पण सगळा हॉल बघत होता. करतात काय! दोघांनी दोन्ही काखांत हात घातले, तिसऱ्यानं मागून धोतर सावरलं, आणि एकेका पायरीवर 'आई गं' म्हणत त्यांना खाली आणलं.

विलास मोठ्यानं म्हणाला, "सावकाश रे. बिचारे."

हॉल हसून फुटला. अण्णासाहेबांचं मात्र मी कौतुक करीन. तेही हसले. म्हणाले, "गाढवा, आता जिंकून दाखव." बिल्लेवाल्याला नाव काढायला जागाच राहिली नाही. सगळ्यांना शाली मिळाल्या, मांडीवर नारळ ठेवले. मांडीवर नारळ ठरतो का? खुर्च्या हलल्या तसे सगळे नारळ मैदानभर घरंगळले आणि ते गोळा करण्यात आणखी वेळ गेला.

एकदाचा विलास मैदानात उतरला.

सामना आम्ही हरलो. किती फरकानं ते विचारू नका, गुण लिहिणारासुद्धा कंटाळला होता. पण विलासनं एकदा रेघ ओलांडली. चेंडू मांडीवर, तोंडानं अखंड बडबड, मागून दोघे लागलेले, तरी ओलांडली. आणि शेवटी शेवटी त्या लाल दाढीवाल्यानं बाजूनं येऊन अशी धडक दिली की विलास खुर्चीसकट आडवा झाला. पट्ट्यांनी बांधलेला, चाकं हवेत फिरतायत. हॉल "अरेरे" म्हणाला. मी उठून त्या दाढीवाल्याच्या खानदानाचा उद्धार केला. आणि मधू चपला टाकून थेट मैदानात पळाला.

विलास आडव्यानंच ओरडला, "दादा, मागं हो! फाऊल देतील!"

मैदानावरच्या मदतनिसांनी खुर्ची उभी केली. दाढीवाल्यानं साधी माफीसुद्धा मागितली नाही. पुन्हा धडक द्यायला निघून गेला. विलास दात काढून हसत होता.

संपल्यावर मधू रिक्षा आणायला गेला आणि मला म्हणाला, "मावशी, त्याला बाहेर पाठवा." मी हॉलच्या मागच्या खोलीकडं गेले. दारातच थांबले.

आत विलास आणि तो दाढीवाला, दोघंच. दाढीवाल्यानं मान वाकवून मागचा व्रण दाखवला. मग दोन्ही तळहात जोडून डोक्यावर नेले आणि खाली सूर मारल्यासारखं केलं. विलासनंही तळहात जोडले आणि तसंच केलं. पुलावरनं गंगेत सूर मारताना त्याची मान मोडली हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. विचारलं की तो अंगावर यायचा.

"पाणी कमी होतं रे," विलास त्याला मराठीत म्हणाला. तो मान हलवत राहिला. "डोळे उघडे होते माझे. हात हलेनात. वर दादा दिसत होता, काठावर. त्याला वाटलं मी मस्करी करतोय. हसत होता तो. बराच वेळ हसत होता." मग म्हणाला, "मी पाहिलं, हे त्याला माहीत नाही. विचारतो कधीकधी, काय आठवतं म्हणून. मी सांगतो, काही नाही. पडल्या पडल्या शुद्ध गेली."

दाढीवाला त्याच्या भाषेत काहीतरी बोलला, हळू, बराच वेळ. विलास ऐकत होता. त्याला एक अक्षर कळत नव्हतं.

मधू आता नाही, म्हणून हे लिहिते आहे. तो असता तर लिहिलं नसतं.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजायला लागला. मी पाऊल न वाजवता मागं फिरले आणि रस्त्यावर आले. मधू म्हणाला, "काय करतोय मावशी तो? दुखतंय का कुठं त्याला?"

म्हटलं, "नाही रे. इंग्रजी झाडतोय. थांब जरा."

मधूनं इंजिन बंद केलं, आणि मीही रिक्षात मागं बसून राहिले.