एक जॅकेट कमी

माणसाचा जीव अनमोल आहे, यावर आजवर कुठल्याही सभेत दुमत झालेलं नाही. दुमत होतं ते चहा आधी की ठराव आधी, एवढ्यावरच. आमच्या खाडीवरच्या प्रवासी सुरक्षा समितीचा मी सचिव असल्यामुळे हे छातीठोकपणे सांगू शकतो.

खाडी ओलांडायला आमच्याकडे दोन लाँच आहेत आणि लाइफ जॅकेटं एका लाँचपुरती. एखाद्या सामान्य समितीने अशा वेळी आणखी जॅकेटं मागवली असती. आम्ही पद्धत शोधून काढली.

नियम असा आहे की लाँच धक्का सोडते तेव्हा प्रत्येक प्रवाशाच्या अंगात जॅकेट हवं. निरीक्षक साहेब धक्क्यावरच्या केबिनच्या खिडकीतून ती जातीने मोजतात. (साहेब लाँचमध्ये पाऊल ठेवत नाहीत, त्यांना पाण्याची भीती वाटते. सुरक्षेच्या कामावर असाच माणूस हवा.) मोजणी झाली की लाँच निघते. जुन्या गोदामाची भिंत आड आली की ती साहेबांना दिसेनाशी होते. तिथे आमचा होडीवाला मामा आपली छोटी होडी घेऊन तयार असतो. सगळे प्रवासी जॅकेटं काढून मामाच्या होडीत टाकतात, मामा ती मोजतो आणि दुसऱ्या लाँचसाठी धक्क्यावर परत नेतो. भर खाडीत, जिथे पाणी सर्वांत खोल आणि खारं आहे, तिथे जॅकेट न्यावंच लागत नसल्यामुळे आमची जॅकेटं अजून नव्यासारखी आहेत. पलीकडच्या धक्क्यावर निरीक्षक नाही, त्यामुळे तिकडून येताना धोकाही नाही.

प्रवासी इतके तयार झालेत की बघत राहावं. क्लिपा लावण्यात कुणी वेळ दवडत नाही, टॉवेलसारखं जॅकेट खांद्यावर टाकलं की झालं. बँकेतले एक गृहस्थ तर वर्तमानपत्रावरची नजर न काढता जॅकेट काढतात. नवख्यांना आम्ही त्यांच्याकडे बघून शिकायला सांगतो. मामाच्या एवढ्याशा होडीत परतताना चाळीस जॅकेटं असतात आणि मामाच्या अंगात एकही नसतं. (त्याला उकडतं.)

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझी आत्या आली.

आत्या जन्मात कधी होडीत बसली नव्हती. पण तिची एकुलती एक लेक पलीकडच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी दाखल झाली होती आणि सकाळपासून कळा सुरू झाल्या होत्या. रस्त्याने वळसा घालून जायचं तर आत्या पोचेपर्यंत बाळ रांगायला लागलं असतं. म्हणून मी स्वतः तिला लाँचने घेऊन निघालो. धक्क्यावर तिने जॅकेटच्या सगळ्या क्लिपा लावल्या, वरून नाडीची गाठ मारली आणि शेजारणीला ती ओढून बघायला सांगितली. खिडकीत निरीक्षक साहेबांना गहिवरून आलं.

गोदामाची भिंत आड आली. सगळ्यांनी जॅकेटं काढली.

"आत्या, काढ आता," मी म्हटलं.

"का रे? पोचलो का?"

"नाही, खाडी पुढेच आहे अजून."

"मग काढू कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर समितीच्या नियमावलीत नाही, कारण तोवर तो कुणी विचारलाच नव्हता.

तेवढ्यात मामा होडीतून ओरडला, "एक जॅकेट कमी आहे! धक्क्यावरची दुसरी लाँच सुटायची नाही." आमच्या लाँचवाल्याने इंजिन बंद केलं. म्हणजे दोन्ही लाँच ठप्प, आणि दोन्ही धक्क्यांवर माणसं खोळंबलेली. एका बाईने जॅकेट घातल्यामुळे एवढी वाहतूक अडू शकते, ही गोष्ट सुरक्षेवर विचार करणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

"आजी, आम्ही रोज जातो, काही होत नाही," बँकेतले गृहस्थ म्हणाले.

"आमचा जीव काय स्वस्त आहे का? आम्ही काढलंच ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

"माझ्या लेकीला कळा सुटल्यात," आत्या म्हणाली. "मला तिच्यापर्यंत धड पोचायचंय. तुमचं तुम्ही बघा बाबांनो."

बोलताना तिची मूठ त्या गाठीवर घट्ट आवळलेली होती. मला वाईट वाटलं. पण सचिवाला नात्यागोत्यात अडकून चालत नाही. मी तिची समजूत घालायला उठलो. माझ्यामागोमाग समजूत घालायला आणखी वीसेक जण उठले, सगळे एकाच बाजूला. लाँच कलली आणि मी पाण्यात गेलो.

सचिवपदासाठी पोहता येण्याची अट नाही.

"मामा! जॅकेट टाक!" मी नाकातोंडातलं पाणी सांभाळत ओरडलो. मामाची होडी हातभर अंतरावर होती, जॅकेटांनी शिगोशीग भरलेली.

"मोजून झालीत हो!" मामा कळवळून म्हणाला.

इतका वेळ चाळीस माणसांनी विनवूनही जे निघत नव्हतं, ते जॅकेट आत्याने दाताने गाठ सोडवून काढलं आणि माझ्यावर भिरकावलं. "धर मेल्या! सोडलंस तर बघ!" मी ते उराशी कवटाळलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तिच्याइतकं जवळचं जगात कुणी नव्हतं.

मामाने पुढे केलेलं वल्हं मी धरलं आणि लोकांनी मला लाँचमध्ये ओढलं. मी अजून खोकत होतो तोवर मामाने माझ्या हातातलं जॅकेट सोडवून पिळलं आणि होडीत टाकलं. "भरली!" तो म्हणाला. लाँचवाल्याने इंजिन सुरू केलं. उरलेली खाडी आत्याने जॅकेटाविना, माझी ओली बाही धरून, डोळे मिटून पार केली.

मुलगी झाली. नातीला मांडीवर घेण्याआधी आत्याने दुपट्याची गाठ दोनदा ओढून बघितली.

समितीची तातडीची सभा दुसऱ्याच दिवशी भरली. (चहा आधी.) आकडेवारी बोलकी होती. स्थापनेपासून एकूण अपघात एक. पैकी प्रवाशाच्या अंगात जॅकेट असताना झालेले एक, म्हणजे शंभर टक्के. कुणाच्याही अंगात जॅकेट नसताना झालेले, शून्य. यापुढे गोदामापलीकडे जॅकेट घालायला सक्त मनाई आणि घाबरट नातेवाइकांनी रस्त्याने जावं, असा ठराव मी मांडला. मांडताना घसा जरा बसला होता, तो पाण्यामुळे. बँकेतल्या गृहस्थांनी अनुमोदन दिलं. आत्या तेव्हा परतीच्या रस्त्याने वळसा घालत होती.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर समितीची हरकत नाही. तुम्हाला आम्ही ओळखतो. त्या दिवशी तिसऱ्या बाकावर तुम्हीच होता. तुम्ही आत्याला एका शब्दाने बोलला नाहीत, तेवढे सभ्य आहात. तुम्ही फक्त एकदा घड्याळाकडे बघितलंत, एकदा तिच्याकडे, आणि तुमचं जॅकेट तर केव्हाच मामाकडे देऊन मोकळे झाला होतात. ठराव एकमताने मंजूर झाला, तो तुम्हाला धरून.